ओढ्यावरचा पळ्या आणि कडूबाई

कडूबाईला वाटेत साप आडवा आला तर ती थांबते, त्याला जाऊ देते आणि 'जा बाबा तुझ्या कामाला' म्हणून आपल्या कामाला लागते. उसात रानडुक्कर शिरलं तेव्हा गडीमाणसं बांधावर उभी राहून नुसती हाळ्या देत होती. ही बाई पत्र्याचा डबा बडवत आत गेली आणि डुकराला पार शिवेबाहेर घालवून आली. तेव्हा उत्तरेश्वरची ही बायको भित्री आहे का, असं सास्तूर गावात कुणाला विचारलंत तर लोक तुम्हालाच वेड्यात काढतील. पण एका किड्यापायी ती दरसाल दीड-दोन महिने जीव मुठीत धरून जगते, हेही तेच लोक सांगतील, आणि सांगताना हसतील. हसणाऱ्यांचं काय जातं? तिच्या काळजात डोकावून कोण बघतंय!

तो किडा बोटाच्या पेराहून लहान. पाठ हिरवीनिळी, ऊन पडलं की लखलखणारी, वर पिवळसर ठिपके. पाय लांब आणि तोंडाला कात्रीसारखा जबडा. गावाच्या मावळतीला वनखात्याचं रान आहे. करंज, जांभूळ, अर्जुन अशी झाडी दाटलेली, आणि तिच्या सावलीतून एक ओढा वाहतो. त्या ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर पावसाळ्यात हे किडे असतात. मुंगी दिसली की सुसाट धावतात, मध्येच थबकतात, पुन्हा धावतात, आणि सापडली की चावून चावून तिचा चोथा करतात. आपण जवळ गेलो की भुर्रकन उडून चार हातांवर बसतात, ते नेमके आपल्याकडे तोंड करून. कडूबाईच्या माहेरची पोरं त्याला पळ्या म्हणायची. माहेर याच ओढ्याच्या वरच्या अंगाला होतं. होतं असंच म्हणायचं, कारण ती वाडी आता नाही.

पावसाळा सुरू झाला की कडूबाई रोज सकाळी गवताला जायच्या निमित्ताने ओढ्यावर जाते. विळा हातात असतो, पण नजर वाळूवर. पळ्या पळताना दिसला की तिचा श्वास मोकळा होतो. श्रावण असाच बरा जातो. भाद्रपद उलटायला लागला की पळ्या कमी कमी होतात, आणि एका सकाळी वाळू सगळी रिकामी असते. मग ती गवत न कापताच घरी येते आणि म्हणते, "पळ्या गेले. बाजा बाहेर काढा."

त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत त्या घरातलं कुणीही स्लॅबखाली झोपत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात भूकंपानंतर उभारलेलं पत्र्याचं शेड अजून आहे, तिन्ही बाजूंनी उघडं. सगळ्यांचे बिछाने तिथे पडतात. उत्तरेश्वर स्वभावाने गमत्या. पारावर तो सांगतो, "लोकांच्या घरी गणपती बसत्यात, आमच्या घरी बाजा बसत्यात." पण बायकोने सांगितलं की निमूटपणे पहिली बाज तोच उचलतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्याने एकदा नाही म्हणून पाहिलं होतं. तेव्हा रात्रभर ती दारात उभी राहून त्याच्या छातीवरच्या छताकडे बघत होती. पुन्हा त्याने नाही म्हटलं नाही.

हे सगळं त्र्याण्णव सालापासूनचं. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तिच्या आधीची तीन भावंडं दगावली होती, म्हणून यमाच्या तोंडाला कडू लागावी असं नाव ठेवलेलं. अनंत चतुर्दशीला दुपारी आई तिला घेऊन ओढ्यावर भांडी घासायची वाळू आणायला गेली. कडूला काहीतरी वेगळं वाटलं. वाळूवर एकसुद्धा पळ्या नव्हता. एरवी पायाखालून फुरफुर उडायचे. ती म्हणाली, "आई, आज पळ्या कसा न्हाय एक बी?" आई म्हणाली, "गेले आसतील मरायला. घमेलं उचल." एवढंच बोलणं झालं. त्या रात्री फार उकडत होतं. आई 'आत ये, पाऊस येईल' म्हणत असताना कडू हट्टाने अंगणातल्या बैलगाडीत झोपली. पहाटे चारच्या सुमाराला भुई गुरगुरली, आणि डोळे उघडून बघते तर घराच्या जागी धुळीचा ढग. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद, सगळं आई आणि धाकट्या भावावर बसलं होतं. बाप वैजनाथ परगावी मळणीला गेलेला म्हणून वाचला. लोक तिला बघून म्हणाले, पोरीचं नाव फळलं. ते ऐकून तिला ओकारी आली.

रडून झाल्यावर, पत्र्याच्या वसाहतीत दिवस मोजत असताना, तिच्या मनात एक गोष्ट हळूहळू पक्की झाली. किड्यांना आधी कळलं होतं, म्हणून ते गेले. ते आपल्याला दिसलं होतं, आणि आपण एकदाच बोलून गप्प बसलो. आईचा पदर ओढला असता, आकांत केला असता, तर आई अंगणात झोपली असती. हे तिने बापाला सांगितलं नाही, नवऱ्याला अर्धंच सांगितलं. पण पुढच्या पावसाळ्यात पळ्या पुन्हा दिसले आणि पुन्हा गायब झाले, तेव्हा तिने ठरवलं की आता आपण गप्प बसायचं नाही. दिवाळी सुखरूप गेली की त्या सालचा इशारा टळला, असा तिचा हिशेब.

बत्तीस वर्षं हे चाललं, कारण त्यात कुणाचं फार बिघडत नव्हतं. थोडा पाऊस अंगावर, थोडे डास, थोडं हसू. यंदा मात्र घरात बाळ होतं.

कडूबाईचा मुलगा कुलदीप याची बायको राजनंदिनी हिला आई नाही. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच करायचं, असं कडूबाईनेच ठरवलं. "आई नसल्याली पोर हाय, तिला म्या हाय," असं ती व्याह्यांना म्हणाली होती. पोरगी दिवस भरायच्या आधीच झाली, दोन किलोच्याही आत. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं, "गार वारा लागू द्यायचा नाही. दारं-खिडक्या बघून, उबेत ठेवायचं. ह्या बाळाला सर्दीसुद्धा झेपणार नाही." कडूबाईने मान डोलावली. तिने स्वतः खोलीच्या खिडकीला गोधडी बांधली, शेगडी पेटवली, बाळंतिणीला डिंक-मेथीचे लाडू केले. बाळाला न्हाऊ घालताना तिचे ते राठ हात इतके हलके होत की राजनंदिनी बघत राही.

आणि इकडे ओढ्यावर पळ्या कमी होत चालले.

त्याच सुमाराला ओढ्यावर एक पोरगी येऊ लागली. संघप्रिया तिचं नाव, मुरूम गावची, कॉलेजात किड्यांचा अभ्यास करणारी. स्कूटी रानाच्या कडेला लावायची आणि गुडघे टेकून वाळूवर काहीतरी टिपत बसायची. हातात जाळी. ती पळ्या पकडते, डबीत घालून बघते आणि सोडून देते, हे कडूबाईने झाडाआडून पाहिलं होतं. "मावशी, हा फार दुर्मीळ किडा हाय. असे ओढे आता उरलेच न्हाईत, म्हणून हा बी उरला न्हाय," असं ती पहिल्याच दिवशी उत्साहाने सांगायला लागली. कडूबाई तिच्याशी बोलली नाही. हीच पोरगी जाळी लावून पळ्या संपवतेय की काय, असाही एक विचार तिच्या मनात येऊन गेला. एका सकाळी सात दिसले. दुसऱ्या दिवशी तीन. मग पाऊस लागला आणि दोन दिवस जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी वाळू रिकामी.

दरसालची भीती वेगळी आणि ही वेगळी होती. दारातच ती म्हणाली, "पळ्या गेले."

उत्तरेश्वर बाजेकडे वळला. कुलदीप मात्र जागचा हलला नाही. "आई, आमी दोघं येतो बाहेर, तू म्हणशील तवर झोपतो. पण राजी आन् बाळ आतच ऱ्हातील. डॉक्टरीण काय म्हणली ठाव हाय ना तुला?"

"स्लॅबखाली?" कडूबाईने विचारलं. तिचा आवाज चिरकला. "आरं, तिच्यावर स्लॅब पडला तर डॉक्टरीण येनार हाय का काढाया?"

"भूकंपासाठीच बांधून दिलेलं घर हाय हे. इतक्या वर्षांत पडलं न्हाय."

"आमचं बी शंभर वर्षांत पडलं नव्हतं," ती म्हणाली.

राजनंदिनी खोलीतून म्हणाली, "आत्या, तुमचं सगळं ऐकते म्या. हे न्हाय ऐकनार." तिचा आवाज शांत होता, पण तिने दार लोटून घेतलं.

दोन दिवस कडूबाई जेवली नाही. शेडमध्ये बसून ती त्या खोलीकडे बघत राहायची. रस्त्यावरून उसाची रिकामी ट्रॉली धडधडत गेली तरी तिचा हात जमिनीवर जायचा, भुई चाचपायला. भांड्यातलं पाणी हललं का, कुत्री का भुंकली, बैल दावं का ओढतोय, सगळं तिला त्याच एका गोष्टीकडे बोट दाखवत होतं. एकदा बोलून आपण गप्प बसलो होतो. आता पुन्हा तसंच होतंय, हे तिला सहन होईना.

तिसऱ्या दुपारी राजनंदिनी न्हाणीत गेली. कुलदीप नळदुर्गला, उत्तरेश्वर रानात. कडूबाई खोलीत शिरली, बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि शेडमध्ये नेलं. छताखालून बाहेर पाऊल पडताच तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. बाळाला बाजेवर मध्ये ठेवून ती शेजारी बसली. आणि पाऊस आला. साधा नाही, वाऱ्याचा आडवा पाऊस, तिन्ही बाजूंनी. तिने पदर धरला, गोधडी धरली, पाठ आडवी केली. आत जावं असं तिला एकदाही वाटलं नाही. आत छत होतं.

राजनंदिनी ओल्या केसांनी धावत आली तेव्हा बाळाचं दुपटं भिजलेलं होतं. बाळ रडत नव्हतं. ओठ निळसर, आणि दर श्वासाला छाती आत ओढली जात होती. राजनंदिनीने बाळ हिसकावून घेतलं आणि ओरडली. ते ओरडणं ऐकून शेजारचा विरेश मोटारसायकल घेऊन आला, आणि त्या पावसात बाळ पोटाशी धरून ती दवाखान्यात गेली. कडूबाई मागून चिखलातून पळत गेली. चप्पल कुठे राहिली तेही तिला कळलं नाही.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं, नळी लावली. दोन तास डॉक्टरीणबाई पेटीपासून हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणखी अर्ध्या तासाने आणलं असतं तर मी काही करू शकले नसते." कुलदीप आला, त्याने आईकडे बघितलं आणि मान फिरवली. उत्तरेश्वरलासुद्धा त्या दिवशी विनोद सुचला नाही. राजनंदिनी बाकावर बसली होती, अजून तशाच ओल्या केसांनी. कडूबाई तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

राजनंदिनीने वर बघितलं. "भुकंप न्हाय आला, आत्या," ती म्हणाली. "तुमी आलाव."

दुसऱ्या दिवशी बाळाला उतार पडला, असा निरोप आला. कडूबाईला दवाखान्यात जायचं धाडस होईना आणि घरात बसवेना. ती ओढ्यावर गेली. पाऊस उघडला होता. संघप्रिया काठावर पोटावर झोपून, हनुवटी मातीला टेकवून, एकटक काहीतरी बघत होती. कडूबाई थेट तिच्यासमोर जाऊन बसली आणि पहिल्यांदाच बोलली. "कुठं गेले सगळे?"

"मेले, मावशी."

"मेले?"

"व्हय. पावसाळ्यात बाहेर पडत्यात, जोडी करत्यात, अंडी घालत्यात आन् भाद्रपदाच्या शेवटाला मरत्यात. एवढंच आयुष्य हाय त्यांचं. हे बघा." तिने काठाच्या कठीण मातीकडे बोट दाखवलं. तिथे सुईने टोचावीत तशी बारीक गोल भोकं होती. "ही त्यांची पिल्लं. भोकात उभी ऱ्हात्यात, डोक्यानं तोंड बुजवून. मुंगी वरून गेली की गपकन धरत्यात."

कडूबाईने बघितलं. एका भोकाच्या तोंडाशी काहीतरी काळं, सपाट होतं. तिची सावली पडताच ते आत गेलं आणि भोक उघडं पडलं.

"दरसाल मरत्यात?"

"दरसाल."

"त्र्याण्णवला बी?"

संघप्रिया उठून बसली. तिचं गावही भूकंपातलंच. हिला काय विचारायचंय ते तिला बहुतेक कळलं. तिने जरा विचार करून उत्तर दिलं. "मी तवा जन्मले बी नव्हते, मावशी. पण ती जात हीच, ओढा हाच, आन् दिवस बी हेच. त्या साली बी असेच मेले असनार. भूकंप आला नसता तरी मेलेच असते."

"त्येंला आदी कळलं नव्हतं?"

"न्हाय. मला तरी तसं वाटत न्हाय."

बत्तीस वर्षं छातीवर धरलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं कडूबाईला झालं. आईपुढे आपण आकांत केला नाही, कारण आकांत करण्यासारखं काही नव्हतंच. ती रडली, मोठ्याने रडली, आणि संघप्रिया जाळी मांडीवर घेऊन तिच्याजवळ बसून राहिली. पण रडणं ओसरल्यावर तिच्या मनात दुसरंच काहीतरी उभं राहिलं.

"मग पोरी," तिने विचारलं, "भुई हालायच्या आदी सांगतं कोन?"

"कुणीच न्हाय, मावशी. मोठ्या मोठ्या मशिनींना बी सांगता येत न्हाय."

"कुणीच न्हाय?"

"कुणीच न्हाय."

बत्तीस वर्षं ती भ्यायली होती, पण वर्षातले दीड-दोन महिनेच. बाकीचे दहा महिने तिचे सुखाचे गेले होते, कारण पळ्या राखणीला आहेत, भुई हलणार असली तर तेच सांगतील, असं ती धरून होती. आता कळलं की राखणीला कधीच कुणी नव्हतं. चैत्रात नाही, माघात नाही, तिच्या लग्नाच्या दिवशी नाही, कुलदीप जन्मला त्या रात्री नाही. ती घराकडे निघाली तेव्हा पायाखालची प्रत्येक वाट तिला कच्ची वाटत होती.

सहाव्या दिवशी बाळ घरी आलं. डॉक्टरीणबाईंनी या खेपेला दुसराच उपाय सांगितला होता. बाळाला कपड्यात गुंडाळून खाली ठेवायचं नाही. उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरायचं, वरून पांघरूण घ्यायचं. आईने धरावं, आई दमली की घरातल्या दुसऱ्या बाईने. चोवीस तास कुणाच्या ना कुणाच्या उराशी. त्या घरात दुसरी बाई एकच होती.

पहिला दिवस राजनंदिनीने एकटीने काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची मान पुढे पडायला लागली. कडूबाई उंबऱ्याबाहेर बसून होती. दवाखान्यातल्या त्या बोलण्यानंतर दोघींत शब्द नव्हता. बाहेर आभाळ भरून आलं होतं.

"राजे," कडूबाई म्हणाली, "तुझा भरोसा नसंल माझ्यावर. नसावाच. पण तुज्या डोळ्याला डोळा लागलाय. बाळ पडंल."

राजनंदिनीने भिंतीकडे सरकून बाजेवर जागा केली.

कडूबाई उठली. उंबऱ्यावर पाऊल ठेवताना तिने एकदा वर बघितलं. पळ्या गेल्यावरच्या दिवसांत, लग्न होऊन आल्यापासून, ती या छताखाली बसली नव्हती. ती आत गेली, चोळीच्या गाठी सोडल्या आणि बाजेवर टेकून बसली. राजनंदिनीने बाळ छातीवरून सोडवलं, क्षणभर तसंच हातात धरलं, आणि दिलं. बाळ इतकं हलकं होतं की कडूबाईला श्वास घ्यायची भीती वाटली. तिने बाळावरून आणि स्वतःवरून गोधडी ओढून घेतली. बाहेर पाऊस सुरू झाला, आडवाच, शेडमधून आरपार जाणारा.

कुठेतरी वीज कडाडली आणि खिडकीची काच थरथरली. कडूबाईचं सगळं अंग दाराकडे ओढलं गेलं. तिने डोळे मिटले, उघडले, आणि छताकडे बघत राहिली. तिच्या काळजाची धडधड बाळाच्या पाठीत उमटत होती.

राजनंदिनी झोपली असं तिला वाटलं होतं. पण ती डोळे न उघडता म्हणाली, "आत्या, भ्या वाटतंय का?"

"लई."

"मग द्या हिकडं बाळ. तुमी बाहेर बसा."

"नगं," कडूबाई म्हणाली. "नीज तू."

दार चार पावलांवर होतं, उघडंच. ती उठली नाही.